बुडालेल्या नगराचा पडदा

मित्रांनो, पडदा म्हटलं की तुम्हाला खिडकी आठवेल, नाहीतर नाटक. मी त्यांतला नाही. मी पुठ्ठ्याचा, तीन घड्यांचा, जेमतेम हातभर उंचीचा एक जुना पडदा आहे. टेबलावर उभं राहायचं आणि एका माणसाचे कागद बाकीच्यांपासून झाकायचे, हे माझं काम होतं. आता कोणी पाया पडून सांगितलं तरी मी ते करणार नाही. मला त्या कामाची किळस आली आहे. नुसता राग असता तर एव्हाना ओसरला असता.

माझा जन्म चष्म्याच्या दुकानातला. तिथे मी जाहिरातीचा फलक होतो. माझ्यावर चष्मा लावून हसणाऱ्या एका माणसाचा मोठा फोटो होता. पुढे फ्रेमची फॅशन बदलली आणि मालकाने मला मागच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलं. त्या दुकानात गिऱ्हाइकांच्या कानानाकावर चष्मे नीट बसवून देणारी एक बाई काम करायची. तिला सगळे ताई म्हणत. मालक तिच्याहून वयाने मोठा, तरी तोही ताईच म्हणायचा. एके दिवशी तिने मला मागून घेतलं.

"एवढा पुठ्ठा नेऊन काय करणार, ताई?" मालकाने विचारलं.

"भावाला हवाय. खेळायला."

"केवढा आहे भाऊ?"

"चाळिशीला आलाय," ताई म्हणाली, आणि मालक पोट धरून हसला.

ताईने कटरने माझे तीन तुकडे केले, कापडी पट्टीने जोडले आणि माझ्या कोऱ्या बाजूवर पाण्यात बुडालेलं एक नगर रंगवलं. घरांची छपरं, मोडका मनोरा, खिडक्यांतून आतबाहेर करणारे मासे. त्या खिडक्यांमधून मला बाहेरचं दिसायचं. आतल्या बाजूला जाहिरातीतल्या माणसाचा चष्म्याचा एक डोळा आणि अर्धं हसू तेवढं शिल्लक राहिलं. त्या डोळ्याने मी आतलं पाहिलं. किती जपून रंगवलं होतं तिने मला! मासा काढताना रंगाचा ब्रश थरथरू नये म्हणून ती श्वास रोखून धरायची.

आता खेळ सांगतो. रविवारी दुपारी भावाच्या घरी, जेवणाच्या टेबलाभोवती चौघे जमायचे. त्यांतला एकजण गोष्ट रचणार, तो मास्तर. बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होणार, आपण काय करतो ते सांगणार, आणि जमतं की फसतं ते फासे ठरवणार. गोष्टीचे नकाशे, राक्षस, सापळे असं सगळं गुपित माझ्या आड. महिनोन् महिने चालणाऱ्या अशा लांबलचक गोष्टीला ते मोहीम म्हणायचे.

मास्तर म्हणजे ताईचा भाऊ. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत तो तक्रारींचे फोन घ्यायचा. कुठेतरी अडकलेल्या माणसाला दिवसभर सांगायचा, "घाबरू नका, आमचा माणूस निघालाय." आवाज असा की ऐकणाऱ्याने अडकल्या जागीच विश्वास ठेवावा. मोहीम मात्र तो खरंच सुरेख रचायचा. उगाच कशाला नाही म्हणू? त्याचं बुडालेलं नगर ऐकताना मला माझ्या रंगांना ओल आल्यासारखं वाटायचं. एक त्याचा बेकरीवाला मित्र, तो धिप्पाड पण भित्रा शिपाई व्हायचा. दुसऱ्याचं टोपणनाव गणित. तो चोर व्हायचा आणि कुलपाला हात लावण्याआधी नफातोटा मांडत बसायचा. ताई व्हायची नावाडीण.

बाहेरून मी देखणा होतो. आतून काय भोगत होतो ते कोणाला माहीत! मास्तर नखं खायचा आणि माझ्या पायाशी थुंकायचा. च्युइंगम चघळून चघळून कंटाळा आला की ते जाहिरातीतल्या माणसाच्या हसऱ्या दातांवर चिकटवायचा. पेन्सिलीचं टोक चावून चावून त्याचा पार चोथा करायचा. शी! पण मी मनाशी म्हणायचो, जाऊ दे, कलावंत माणूस आहे.

मग मास्तरने ती मोहीम टाइप केली, नकाशांचे फोटो जोडले आणि अशा घरगुती मोहिमा जिथे लोक एकमेकांना वाटतात त्या एका साइटवर टाकली. फुकट. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही, उलट छाती फुगली. कुठल्या कुठल्या गावची माणसं लिहू लागली, 'आम्ही तुमच्या नगरात उतरलो, मजा आली.' मास्तर त्या ओळी टेबलावर मोठ्याने वाचायचा आणि बेकरीवाला त्या आनंदात आणलेली बिस्किटं स्वतःच संपवायचा. एकाने तर फोटो पाहून विचारलं, हा पडदा कुठे मिळेल?

"मिळत नाही म्हणावं," ताई म्हणाली. "चष्मा घ्यायचा असेल तर या."

ते माझे चांगले दिवस. पण मास्तरला त्या कौतुकाची चटक लागली. खेळ चालू असताना त्याचा डावा हात माझ्याआड फोनवर असायचा. किती हृदयं आली, कोणी काय लिहिलं. तशात कोणीतरी लिहिलं, 'जागा झकास आहेत, पण माणसं पुठ्ठ्याची वाटतात.' पुठ्ठ्याने काय घोडं मारलं होतं त्याचं, देव जाणे! मास्तरला ते वाक्य फार झोंबलं.

त्यानंतर तो माणसं उचलायला लागला. बेकरीवाला घाबरला की आधी कॉलर सारखी करतो, ते त्याने टिपलं. गणित हरायला आला की आपल्या बायकोचं नाव काढतो, तेही टिपलं. समोर मान डोलवायची आणि आड पेन्सिल चालवायची. आठवडाभरात ते साइटवर. कोणाला विचारणं नाही की सांगणं नाही.

आणि मग तो रविवार आला. गोष्टीत सगळे नगराच्या वेशीपाशी पोचले होते. वेशीवरचा राखणदार म्हणजे अर्थात मास्तरच. खोल आवाजात तो म्हणाला, "आत जायचं तर एक खरं सांगा. कोणाला मागे ठेवून आलात?"

बेकरीवाल्याने कुत्र्याचं नाव सांगितलं, गणिताने उधारीवाल्याचं. हशा पिकला. मग ताईने नावाडिणीच्या घोगऱ्या आवाजात सुरुवात केली, पण दुसऱ्याच वाक्याला तो आवाज सुटला आणि तिचा स्वतःचा लागला.

"आईला मागे ठेवून आले. शेवटी शेवटी ती मला ओळखायची नाही. मी भरवायचे, अंग पुसायचे, आणि ती म्हणायची, 'बाई, तुम्ही फार चांगल्या आहात. माझी मुलगी नाही हो येत, तिला तिचे व्याप असतील. पण तिच्या म्हातारपणी तिला तुमच्यासारखी बाई मिळू दे.' मी म्हणायचे, 'मिळेल हो आजी.' माझ्या आईला मी आजी म्हणायचे. पोरगी समोर बसलीये आणि आपण तिलाच ओळखत नाही, हे तिला कळायला नको म्हणून."

बेकरीवाल्याने डोळे पुसले. त्याला आणि गणिताला वाटलं, ताईने हे गोष्टीपुरतं रचलं. या खेळात सगळे रचतातच. पण मास्तरला कळलं होतं. आई आजारी असताना तो रविवारी तासभर डोकावून जायचा, त्यामुळे त्याने हे आधी कधी ऐकलं नव्हतं. क्षणभर त्याचा चेहरा दगडासारखा झाला. मला वाटलं, आता हा उठेल, ताईच्या खांद्यावर हात ठेवेल.

त्याने पेन्सिल उचलली. भराभर शब्द न् शब्द उतरवून घेतला. 'आजी' या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या आणि बाजूला लिहिलं, 'जबरदस्त'. मग खोल आवाजात म्हणाला, "दार उघडलं."

मित्रांनो, ती त्याचीही आई होती. त्याच्या नखांची आणि च्युइंगमची मला किळस यायची म्हणून मी स्वतःला सोवळा समजत होतो. त्या दिवशी कळलं, ती नखं तर स्वच्छ होती बिचारी.

नवा भाग साइटवर चढला. त्यात वेशीवर एक नावाडीण बसलेली आणि तिच्या तोंडी ताईची वाक्यं, काना-मात्रा न बदलता. कौतुकाचा नुसता पूर आला. 'रडवलंत.' 'कसं सुचतं हो तुम्हाला?' मास्तरने उत्तर टाकलं, 'काय माहीत, सुचतं आपोआप.' लिहिताना नखं खात होता.

पुढे एका रविवारी मास्तर आतल्या खोलीत कंपनीच्या फोनवर अडकलेला असताना गणित फोन घेऊन ताईपाशी आला. "बघ ताई, आपली मोहीम कुठवर पोचलीये! लोक खेळतानाचे व्हिडिओ टाकतात." व्हिडिओत पाच-सहा अनोळखी माणसं टेबलाभोवती बसली होती. एकाने डोक्यावर टॉवेल घेतला होता. तो चिरक्या आवाजात म्हणाला, "बाई, तुम्ही फाऽऽर चांगल्या आहात!" दुसरा त्याहून चिरक्या आवाजात किंचाळला, "मिळेऽल हो आज्जी!" एकजण तोंडातलं पाणी सांडून हसत होता. त्या माणसांचा तरी काय दोष? त्यांना कुठे ठाऊक होतं ते कोणाचं आहे?

गणितही हसत होता. मग त्याने ताईकडे पाहिलं आणि व्हिडिओ बंद करायला त्याची बोटं धडपडू लागली. "ताई... ते खरं होतं?"

मास्तर बाहेर आला. ताईने एवढंच विचारलं, "हे तू घातलंस?"

"अगं, तुझं नाव कुठे आहे त्यात? नावाडीण म्हणते ते. आणि आई काय तुझ्या एकटीची होती का?"

"काढ ते."

त्याने संध्याकाळपर्यंत ते काढलं. पण लोकांनी कधीच उतरवून घेतलं होतं, व्हिडिओ त्याच्या हातात नव्हता. आईचं ते बोलणं, जे ताईने नवऱ्याजवळही काढलं नव्हतं, ते आता कोणीही टॉवेल घेऊन म्हणू शकत होतं. पुढच्या रविवारी ताई आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिच्याशिवाय खेळ रंगेना, आणि भावाचा फोन ती उचलेना.

मग मास्तरने काय केलं असेल? तिच्या घरी गेला? छे! मला टेबलावर उभं केलं, मागे ताईची रिकामी खुर्ची ओढली, उजेड बरा पडावा म्हणून खिडकीचा पडदा सारला आणि आमचे फोटो काढले. एक मनासारखा येईना म्हणून खुर्ची आणखी तिरकी केली. खाली लांबलचक माफीनामा लिहिला. नावाडिणीचे ते शब्द खरे होते, आई अशी होती, ताईने असं असं केलं, मी करंटा भाऊ. पूर्वी निदान नावाडीण मध्ये होती. आता तीही उरली नाही. आणि कौतुक? विचारू नका. 'केवढं मोठं मन!' 'चूक कबूल करायला हिंमत लागते.' त्याने ते ताईला पाठवून दिलं.

ताई दुसऱ्या दिवशी दुकानातून थेट आली. खिशात चष्म्याचा छोटा स्क्रूड्रायव्हर तसाच. मास्तर माझ्यामागे बसला होता.

"वाचलंस ना?" तो उत्साहाने म्हणाला. "सगळे तुझ्या बाजूने आहेत बघ."

ताईने मला उचललं, मिटलं आणि बाजूला ठेवलं. आता दोघांच्या मध्ये काही नव्हतं.

"मला विचारलंस?"

"म्हणजे? माफी मागायलाही विचारायचं?"

"माफी माझ्याकडे मागायची असते रे. तू त्यांच्याकडे मागितलीस. आईला एकदा गमावलं तेव्हा तू नव्हतास. आता तू एकेका अनोळखी माणसाला देऊन तिला रोज थोडी थोडी गमावतोयस."

डोळ्यांत पाणी आलं मास्तरच्या, खरं पाणी, मी खोटं सांगणार नाही. आणि त्या पाण्यासकट, बहुतेक त्याच्या नकळत, त्याचा हात पेन्सिलीकडे सरकला.

ताईने तो हात पाहिला. वळली आणि गेली. ती पुन्हा त्या घरात आली नाही.

मास्तरकडे आता प्लास्टिकचा विकतचा पडदा आहे आणि नवे खेळाडू आहेत. मी कपाटामागे उभा आहे. इथे धूळ आहे, झुरळं आहेत, माझी तक्रार नाही.

मित्रांनो, मोहिमा जरूर रचा. नगरं बुडवा, राक्षस पाळा, जगभर वाटा. तुमचं ते सगळं वाटा. पण तुमच्या टेबलावर बसून कोणी आपल्या काळजातलं बोललं, तर पेन्सिल खाली ठेवा आणि उठा. टेबलाला वळसा घालून त्या माणसाच्या शेजारी जायला असा कितीसा वेळ लागतो?