शीतलबाबांची रिकामी घागर

"बोला, शीतलबाबा महाराज की जय!"

खंडेनवमीचा दिवस. केजच्या बाहेर मोहनरावांच्या जिनिंगच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. यंत्रांना झेंडूच्या माळा, वजनकाट्याला हळद-कुंकू, ट्रॅक्टरपुढं नारळ; इतकंच काय, शेडच्या भिंतीवर टांगलेल्या आग विझवायच्या लाल सिलिंडरांनाही टिळे लावलेले. दुसऱ्या दिवशी दसरा, आणि दसऱ्याला हंगामाचा मुहूर्त. गेल्या हंगामात इथं कापसाच्या ढिगानं पेट घेतला होता आणि एक बाई हातापायाला भाजली होती. म्हणून यंदा मोहनरावांनी आगीलाच बांधून टाकायचं ठरवलं. त्यासाठी बाबा आणला होता. कुठल्या गावचा, कोणालाच ठाऊक नाही!

मी उज्ज्वला, इथल्याच शाळेत विज्ञान शिकवते. असल्या ठिकाणी मी स्वतःहून कशाला जाते? मला ओढून नेलं मायनं. माझी माय कडूबाई याच जिनिंगमध्ये कापसातली कवडी, म्हणजे किडका-डागाळलेला कापूस, वेचते. भाजलेली बाई तिच्या शेजारी बसायची. तेव्हापासून विजेच्या पॅनलपाशी जरा चर्र झालं की माय दचकून उठते.

"उद्यापासून बसायचंय मला तिथं," वाटेत ती म्हणाली. "बाबानं आग बांधली की जिवाला घोर न्हाई. आन् आपला लखन हायेच की!"

लखन माझा धाकटा भाऊ. दुकानादुकानांत, गोदामांत जाऊन सिलिंडर तपासायचे, भरायचे, हा त्याचा धंदा. या जिनिंगचं काम मीच मोहनरावांकडं शब्द टाकून त्याला मिळवून दिलं होतं. आज स्वारी भगवं उपरणं घालून बाबांच्या पडद्याआड-पडद्याबाहेर पळत होती.

"सेवा करतोय माझा लेक," माय कौतुकानं म्हणाली. मला हसू आलं. म्हटलं, करू दे, उत्साही आहे.

मंडपात गुऱ्हाळातली मोठी काहील ठेवली होती. काहिलीत विटांच्या पायऱ्या आणि पायरीपायरीवर पेटत्या पणत्या. बाबांनी माईक हातात घेतला.

"भक्तहो! अग्नी म्हंजे काय? अग्नी म्हंजे कंपन! आन् कंपनाचा बाप कोण? प्रतिकंपन! अमेरिकेचे शास्त्रज्ञ पाया पडले, म्हणले बाबा, फार्मुला द्या. म्या म्हणलं, आधी केजची लेकरं, मग तुमी!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट! बाबा तांब्याची घागर घेऊन पडद्याआड गेले. लगेच दोन चेल्यांनी शंख फुंकायला सुरुवात केली. इतका वेळ आणि इतक्या जोरात, की कानठळ्या बसल्या. मग बाबा घागर मिरवत बाहेर आले.

"मोहनराव, हात घाला. काय लागतं?"

मोहनरावांनी कोपरापर्यंत हात घातला. "काहीच न्हाई महाराज. पर... गार लागतंय! लई गार!"

"तोच माझा शीतल वास!" बाबा गरजले आणि ती रिकामी घागर त्यांनी काहिलीवर हळूच कलती केली. पाणी नाही, फुंकर नाही, काही नाही. आणि पणत्या विझू लागल्या! बायांनी पदर डोक्यावर घेऊन हात जोडले. मायच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी मात्र पणत्यांकडं बघत होते. सगळ्यांत आधी विझली ती तळाची पणती. मग तिच्या वरची. मग तिच्या वरची. अहो, मंत्र वरून टाकला तर आधी वरची विझायला नको का? मंत्र काय जिना उतरून खाली जातो आणि मग चढत वर येतो?

बाबांनी मग लाल सिलिंडरांना एकेक धागा बांधला. "माझा वास आता ह्यांच्यात भरलाय. हात लावायचा न्हाई, पिन काढायची न्हाई, जागचा हलवायचा न्हाई. हलवला तर मंत्र सांडंल!"

सांडेल म्हणे! मंत्र आहे की ताक? आता मात्र माझं डोकं फिरलं. उद्या खरंच आग लागली तर माय धाग्याला हात लावायच्या भीतीनं जागच्या जागी भाजून मरेल.

"मोहनराव," मी पुढं झाले, "हा चमत्कार मी करून दाखवू?"

"बाई, खाली बसा!" मागून कोणीतरी ओरडलं. बाबा हसले. "करू द्या लेकराला."

कोपऱ्यात भजी तळणं चाललं होतं. तिथून खायचा सोडा मागून आणला. लिंबं तर बाबांनीच उतरवून टाकलेली, ढीगभर! एका घागरीत सोडा टाकला, वरून लिंबं पिळली. फसफस झाली. भज्यांच्या एका रिकाम्या पातेल्यात विटांच्या पायऱ्या रचून त्यावर तीन पणत्या पेटवायला लावल्या आणि आतलं पाणी सांडू न देता घागर अलगद कलती केली.

तळाची पणती विझली. मग वरची. मग तिच्या वरची.

मागचे लोक टाचा उंचावून बघू लागले.

"हा कार्बन डायऑक्साइड," मी म्हणाले. "डोळ्याला दिसत नाही, हवेपेक्षा जड असतो, म्हणून आधी तळाशी साचतो. ज्योतीला लागणारी हवा तो बाजूला सारतो, ज्योत विझते. हे सातवीतलं पोरगंही करून दाखवतं."

"मग बाबांच्या घागरीत ना लिंबू व्हतं ना सोडा," मोहनराव म्हणाले. "ती तर गार व्हती."

बरोबर बोलले. गार होती. बाहेरून घाम फुटलेली. एवढा गार, एवढा भरपूर गॅस पडद्याआड कुठून आला? कशाचा आवाज झाकायला एवढे शंख?

माझी नजर भिंतीवर गेली. पॅनलजवळ टांगलेले सिलिंडर त्याच गॅसचे होते. पावडरच्या सिलिंडरला घड्याळासारखा काटा असतो, हिरव्यात आहे की लालात ते कोणीही बघू शकतं. गॅसवाल्याला काटाच नसतो. तो भरलेला की रिकामा, हे वजन केल्याशिवाय कळत नाही.

मी मायच्या जागेच्या अगदी वरचा सिलिंडर उतरवला. "उज्जे, हात नको लावू गं!" माय कळवळली. पण हातात घेताच मला कळलं. तरी सगळ्यांदेखत तो वजनकाट्यावर ठेवला. रिकाम्याचं वजन किती आणि भरल्याचं किती, दोन्ही त्याच्या अंगावर ठोकलेलं असतं. मोहनराव चष्मा लावून वाकले. एकदा काट्याकडं, एकदा सिलिंडरकडं.

"ह्यो तर रिकामा हाय." त्यांनी दुसरा ठेवायला लावला. "ह्यो बी!"

तोही रिकामा, आणि त्याच्या पुढचाही. प्रत्येकावर तपासणीची ताजी चिठ्ठी डकवलेली, आणि खाली माझ्या भावाची सही. शेतकऱ्याच्या कापसात पावशेर इकडंतिकडं झालं तर या काट्यावर भांडणं होतात. पण हे सिलिंडर कधी कोणी त्याच काट्यावर ठेवले नव्हते.

"लखन, काय रं हे?" मोहनराव ओरडले. "गॅस कुठं गेला?"

मी मात्र तेवढ्यात पडदा बाजूला सारला होता. तिथं नळी जोडलेला शेवटचा सिलिंडर पडला होता. बाबांच्या शीतल वासाचा उगम! बाकीचे लखननं आधीच्या तालमींत रिकामे करून परत टांगले असणार. इथलाच गॅस काढून इथंच दाखवायचा आणि वर दक्षिणा घ्यायची. या सगळ्या धावपळीत बाबा मागच्या फाटकातून जीपकडं निघाले होते. दोघा ड्रायव्हरांनी त्यांना धरून आणलं.

मला बाबाचं काही वाटलं नाही. तो परका. पण तळाची पणती आधी विझते, ही गंमत लखनला कोणी दाखवली होती? मीच. तो सातवीत असताना, आमच्या स्वयंपाकघरात, विटा रचून. किती टाळ्या पिटल्या होत्या त्यानं! माझ्या हातचं शिकलेलं त्यानं या भोंदूला विकलं होतं.

"ताई," तो खाली बघत पुटपुटला, "भरनारच व्हतो गं मी परत. आग काय रोज लागती का?"

माय उठली. मला वाटलं, त्याच्या थोबाडीत देईल. तिनं काट्यावरच्या सिलिंडरचा धागा सोडला आणि त्याच्या हातात दिला.

"ह्याच्या खाली मी बसते, लखन. तुला ठावं व्हतं ना?"

त्यानं धागा मुठीत लपवला.

"तुला ठावं व्हतं," माय म्हणाली, आणि एकटीच घराकडं चालू लागली.

मुहूर्त पुढं ढकलला. बाबा आणि लखन, दोघांवर पोलिसांत तक्रार झाली. लखनच्या नावाच्या तक्रारीवर सही मीच केली. बीडहून दुसरा माणूस आला, त्यानं सिलिंडर भरले, प्रत्येक बाईच्या हातून एकेक चालवून घेतला आणि ते परत भरून टांगले.

मंडळी, आग मंत्राला भीत नाही आणि धाग्यानं बांधली जात नाही. तुमच्या दुकानात, गिरणीत, शाळेत तो लाल सिलिंडर टांगलेला असेल, तर आज खाली काढा. काटा असेल तर बघा, नसेल तर वजन करा. चिठ्ठीवर विसंबू नका. सही करणारा तुमच्या घरातला असला तरी.

माझी माय तेच करते. रोज कामाला बसायच्या आधी डोक्यावरचा सिलिंडर उतरवते, काट्यावर ठेवते आणि आकडा वाचून घेते. परवा मोहनराव म्हणाले, "कडूबाई, आता भरलेला हाय की, रोज कशाला?"

"माझ्या पोटच्यानं भरलेला बी असाच वाटायचा मला," ती म्हणाली, आणि सिलिंडर परत टांगून आपल्या जागेवर बसली.