कमरपट्टीवरचं नाव

मित्रांनो, संपदाला माझ्यापासून काय काय मिळायचं होतं, ते आधी मोजून सांगतो. पीएचडीचं वर्षभर अडलेलं प्रकरण सुटणार होतं. मार्गदर्शक बाई, ज्या कशालाच मान डोलवत नाहीत, त्यांची मान डोलणार होती. आणि दुसऱ्याच्या नावावर गेलेली शाबासकी खऱ्या मालकिणीकडे वळवल्याचं पुण्य पदरात पडणार होतं. एका जुन्या रेशमी झग्याकडून माणसाने याहून जास्त काय मागावं? तो झगा म्हणजे मी.

माझा जन्म १९२७ सालचा, बर्लिनमधला. मला घडवलं योहानाने. चौदाव्या वर्षी ती शिवणघरातल्या फरशीवरच्या टाचण्या वेचायची. तिशीत तिचं स्वतःचं दालन होतं आणि सरदार घराण्यांतल्या बायका तिच्या दारात ताटकळत. ती आधी कागदावर चित्र काढत नसे. कापड थेट अंगावर टाकून टाचण्या लावत जाई. तोंडात टाचण्या असल्यामुळे बोलणं कमी, म्हणून लोक तिला घमेंडी म्हणत. ज्यांचं सुटलेलं पोट तिच्या शिवणीत झाकलं जाई, त्याही म्हणत.

तिची एक सवय होती. अस्तर शिवून बंद करण्याआधी ती शाईपेन्सिलीचं, ओलं झालं की जांभळं उमटणारं टोक जिभेला लावी आणि आतल्या कमरपट्टीवर आपलं पूर्ण नाव लिही. जांभळं, ठसठशीत. कुणाला दाखवत नसे.

पहिल्याच मेजवानीत माझं इतकं कौतुक झालं, की मला शिवून घेणाऱ्या मालकिणीला जेवणं सुचलं नाही.

योहाना ज्यू होती. १९३८ साली तिला दुकान सोडावं लागलं. तिच्याकडे कापड बेतणाऱ्या ब्रुनोने ते मातीमोलाने घेतलं आणि वर उपकाराची भाषा केली. मी तेव्हा घेर कमी करायला तिथे गेलेलो. ब्रुनोने माझ्या मानेवरची तिच्या नावाची पट्टी कापली आणि स्वतःच्या नावाची शिवली. कमरेत बघायचं त्याला सुचलं नाही.

चार वर्षांनी मालकीण कपाटाशी उभी राहून नवऱ्याला म्हणाली, “योहानाला आगगाडीत घालून पूर्वेकडच्या छावणीत नेलं म्हणे.”

“दार लाव,” तो म्हणाला.

तिने कपाटाचं दार लावलं.

मग कित्येक वर्षं कापराच्या वासात गेली. मालकिणीची नात, फ्राऊ होफर, आता हायडेलबर्गजवळच्या वाल्डॉर्फ गावात राहते. तिच्या माळ्यावरच्या खोलीत संपदा भाड्याने राहते. संपदाचा अभ्यास जुन्या पोशाखांचा. म्हणून फ्राऊ होफरने मला पेटीसकट तिच्या हवाली केलं. उसवलेल्या एका टाक्यातून संपदाने टॉर्च मारला आणि तिला दोन जांभळी अक्षरं दिसली. ती ब्रुनोच्या नावातली नव्हती; त्याच्याआधी ते दुकान एका बाईचं होतं, एवढं तिने वाचलं होतं. बाकीचं अस्तराखाली. ते तज्ज्ञानेच उघडायचं होतं, आणि त्याचा टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, मिळाला गुरुवारचा.

“आई, गुरुवारी मोठमोठी माणसं याला बघणार आहेत!” एवढंच ती म्हणाली. वसुधाबाई साताऱ्याहून लेकीकडे दोन महिन्यांसाठी आल्या होत्या.

बुधवारी संपदा बसने हायडेलबर्गला विद्यापीठात गेली. वसुधाबाईंनी पेटी उघडली.

“अगंबाई! हे असं घामटलेलं परक्यांपुढे न्यायचं? म्हणतील, आईने काही शिकवलंच नाही.”

केसांसाठी आणलेले रिठे त्यांनी भिजवले. पाणी कोमट होतं, हात मायेचा होता. माझ्या कमरेपाशी पाणी जांभळं झालं.

“बघ, केवढा मळ होता तुझ्यात,” त्या मला म्हणाल्या आणि पाणी बदललं. तीनदा.

संध्याकाळी संपदा दारातच थबकली.

“आई, काय केलंस?”

“रिठ्यात धुतलं गं. साबण नाही, सोडा नाही. माझी पैठणी तेहतीस वर्षं अशीच...”

“त्यात एका बाईचं नाव होतं.”

“मग हात लावू नको म्हणायचंस ना, संपे.”

“आल्यापासून तुला नको-नकोच म्हणतेय मी. रविवारी मशीन लावू नको, बाटल्या त्या डब्यात टाकू नको. आणखी एक नको म्हणायची लाज वाटली.”



गुरुवारी तज्ज्ञाने अस्तर उघडलं. निरनिराळ्या दिव्यांखाली पट्टी धरली. तिच्यावर फिकट जांभळा डाग होता, अक्षर एकही नव्हतं. त्याने मानेवरची पट्टी वाचली आणि कागदावर लिहिलं: ब्रुनो.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असं मी सांगणार नाही. माझी काळजी घेतलीच गेली. फक्त हात लावण्याआधी विचारत जा. आणि जे मोलाचं आहे ते घरच्यांना सांगायला लाजू नका.

आता या सगळ्याची किंमत म्हणून कुणी काय भरलं, तेवढं सांगून थांबतो. संपदाचं एक वर्ष गेलं. वसुधाबाई लेकीच्या घरात कपबशीलाही विचारून हात लावू लागल्या. ब्रुनोने जिवंतपणी काही भरलं नाही, मेल्यावरही नाही. योहानाने दुकान भरलं, जीव भरला. उरलं होतं नाव, तेही तिनेच भरलं.