अकरा नंबरचा आवाज

आमच्या बेटावर इंटरनेट येतं ते सरकारी कचेरीच्या छपरावरच्या एकाच तबकडीतून, आणि ते वाटून द्यायचं काम माझं. चोवीस पोर्टांची एक पेटी आहे, स्विच म्हणतात तिला. गर्दी झाली की कोणाचं आधी जाणार आणि कोण थांबणार, हे तिच्यात मी ठरवून ठेवते. रांगा आठ, शून्य ते सात, आकडा मोठा तो आधी. बोलण्याला पाच, चित्राला चार, बाकी सगळ्यांना शून्य. सात नंबर पेट्यांच्या आपापसातल्या कामाचा, तिथे माणसाने बसायचं नसतं. एमोसी साहेबांना नेमका तोच हवा होता.

एमोसी साहेब चार महिन्यांपूर्वी अधिकारी म्हणून बेटावर आले. त्यांचं गाव आणि माझं गाव एकमेकांचे तौवू, म्हणजे थट्टेच्या नात्यातले. मूळ पूर्वज एकच, त्यामुळे एकमेकांची यथेच्छ टर उडवायची, एकमेकांच्या वस्तू न विचारता उचलायच्या, आणि रागवायचं कोणी नाही. मी पहिल्याच आठवड्यात त्यांच्या टेबलावरचा पाव उचलून घरी नेला. त्यांनी माझी छत्री नेली, ती अजून त्यांच्याकडेच आहे. मी काहीही बोलले तरी ते पोट धरून हसत.

तितिलिया धक्क्यावरच्या मासळीच्या शेडमध्ये कामाला होती. तिला जन्मापासून ऐकू येत नाही, ती हातांनी बोलते. फेब्रुवारीत बर्फ फोडायच्या यंत्रात तिच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. मालक म्हणतो, यंत्राचं झाकण हिनेच काढलं होतं. ती म्हणते, झाकण कधी नव्हतंच. सुनावणी तिकडे राजधानीत, सुव्यात, ही इथे आमच्या सभागृहात पडद्यासमोर, आणि तिच्या खुणा वाचून बोलून दाखवणारी बाई तिकडे. पहिल्या सुनावणीला आमच्याकडून जाणारं चित्र सारखं अडकलं. हिचे हात चालू आणि तिकडे नुसता पुतळा. कागदावर आलं, ‘साक्षीदाराने उत्तर दिले नाही.’ ते वाचून माझा तिळपापड झाला. उत्तर दिलं होतं, मी शेजारी बसून पाहिलं होतं. या वेळीही उत्तर आलं नाही तर प्रकरण बंद करू, असंही त्याच कागदात होतं.

दुसरी सुनावणी मंगळवारी सकाळी दहाला होती. नऊ वाजता साहेब माझ्या खोलीत आले. त्यांचीही दहालाच वरिष्ठांशी बैठक होती. मागच्या बैठकीत त्यांचा चेहरा पडद्यावर तोंड उघडं असतानाच गोठला होता आणि पलीकडे सगळे हसले होते. त्यांचा दोन नंबरचा पोर्ट सातवर टाक, म्हणाले. मी समजावलं की तसं केलं तर त्यांचं पोट भरेपर्यंत बाकीच्यांच्या पानात काही पडणार नाही, आणि सभागृहातलं चित्र पुन्हा अडकेल.

“परिपत्रक वाचलंस ना, रेता? पहिला मान बोलण्याला. चित्राला नाही.”

“मग तुमचंही चित्रच की.”

“मी बोलणारसुद्धा आहे.”

“तीही बोलणारच आहे. तुमचा पहिला मान मी तिला देते, साहेब.”

“घे, घे. तौवूचं लुटल्याशिवाय तुला जेवण जातं कुठे?” असं म्हणून ते हसत हसत चहाला गेले. मी त्यांची टर उडवतेय असं त्यांना वाटलं. मी टर उडवत नव्हते.

मी परिपत्रक पुन्हा काढून वाचलं. ‘आवाजास प्रथम प्राधान्य.’ ठीक आहे, म्हटलं, अक्षरशः पाळते. सभागृहाचा पोर्ट अकरा. त्यातून जाणाऱ्या चित्रावर मी बोलण्याचा शिक्का मारला आणि ते पाचच्या रांगेत बसवलं. बोलणं थोडंसंच असतं म्हणून ती रांग अरुंद ठेवलेली असते, ती रुंद केली. साहेबांचं चित्र चारवर, इतर कोणाच्याही चित्रासारखं. बारा वर्षांच्या नोकरीत मी पंक्तिप्रपंच केला नव्हता. त्या दिवशी केला, आणि त्याची मला जराही लाज वाटत नाही. बदलाच्या नोंदीत कारण लिहावं लागतं. मी लिहिलं, ‘पोर्ट अकरावरचं चित्र हा आवाज आहे,’ आणि खाली पूर्ण नाव घातलं. मग जाऊन तितिलियाच्या शेजारी बसले.

दहा वाजून वीस मिनिटांनी साहेब सभागृहाच्या दारात. मला खुणेनेच बाहेर बोलावलं.

“माझा चेहरा परत गोठला.”

“तुमचं बोलणं तिकडे ऐकू जात होतं ना?”

“जात होतं.”

“तिचं चित्र थांबलं तर तिचं काहीच जात नाही.”

“थट्टा पुरे झाली. आत्ताच्या आत्ता पूर्ववत कर.”

“थट्टा नाही ही, साहेब. मी करणार नाही. माझ्यावर लेखी कारवाई करा, मी सही करते. आणि तुम्हालाच बदलायचं असेल तर पासवर्ड कपाटात आहे. फक्त आधी आत जाऊन तिला सांगा, तुला गप्प करायला चाललोय म्हणून.”

ते आत पाहत राहिले. तितिलियाची पाठ दाराकडे होती. मग ते आपल्या खोलीकडे गेले. कपाट त्यांनी उघडलं नाही. मेमो मात्र दुपारी आला, आणि त्यावर मी सही केली.

मी परत आत आले तेव्हा झाकणाचाच प्रश्न चालला होता. तितिलिया हातांनी यंत्राचं तोंड दाखवत होती, एवढं रुंद, एवढं खोल. झाकण बसवायचं तर बोल्ट लागतात, बोल्टना भोकं लागतात. माणूस पाठवा, ती म्हणाली, आणि यंत्राला एक तरी भोक सापडतं का बघा. पडद्यातली बाई तिच्या मागोमाग ते शब्द मोठ्याने म्हणत होती. चित्र एकदाही अडकलं नाही.

मालकाचा वकील उठला. साक्षीदार दमलेली दिसते, तिचं म्हणणं आता सर्वांना कळलं आहे, इथेच थांबावं, असं त्याने सुचवलं. सुनावणी घेणाऱ्या बाईंनी तितिलियाला विचारलं, थांबायचं का?

तिने मनगटाने कपाळावरचा घाम पुसला आणि आठ बोटं पुन्हा वर घेतली.

“नाही,” पडद्यातली बाई म्हणाली. “माझं बोलून झालेलं नाही.”