जावेच्या गळ्याचं माप

थोरल्या जावेच्या विणकामाला नावं ठेवायची कुणाची प्राज्ञा नव्हती. एक टाका चुकला तरी ती दहा ओळी उसवायची, वर दुसऱ्यांचे स्वेटर बघून नाक मुरडायची. धाकटीचं थायरॉइडचं ऑपरेशन झालं, गळ्यावर आडवा व्रण राहिला. सोमवारपासून ती पुन्हा शाळेत शिकवायला जाणार होती. तेव्हा थोरलीनं सगळ्यांदेखत जाहीर करून टाकलं, "गळा झाकायचं माझ्यावर सोपव."

डोक्यातून घालायचा गोल गळपट्टा विणायचा ठरला. उबेसाठी जाड राखाडी लोकर आणि मऊपणासाठी तिच्या जोडीला एक बारीक, केसाळ धागा. दोन्ही एकत्र विणले की कापडावर सायीसारखी लव धरायची. पण असल्या धाग्याची एक खोड असते. त्याचे केस एकमेकांत गुंततात आणि उसवायला गेलं की तो तुटतो. म्हणून माप आधीच पक्कं हवं. नेमकी इथेच बाईसाहेबांनी माती खाल्ली. माप घेतलं ते स्वतःच्या गळ्याचं.

रविवारी सकाळी धाकटीनं गळपट्टा घालून पाहिला. तो कसाबसा कानांवरून उतरला आणि व्रणावर घट्ट बसला. तिनं ओठ दाबून तो काढला. कातडी लाल झाली होती.

"आपले गळे काय, सारखेच," थोरली खिडकीकडे बघत म्हणाली. "होईल सैल वापरून."

"ताई, माझा गळा अजून सुजलेला आहे. दिसला नाही तुम्हाला?"

"दिसला की."

"नाही दिसला. सहा आठवडे झाले, तुम्ही माझ्याशी बोलता ते माझ्यामागच्या कॅलेंडरकडे बघून. वर्गातल्या पोरांची मला भीती नव्हती हो. पण घरचंच माणूस बघेना, तेव्हा वाटलं, इतकं का वाईट दिसतंय? म्हणून झाकायला हो म्हटलं."

थोरलीला किळस आली नव्हती, ती घाबरली होती. ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्यातल्या बाकावर बसून एकच विचार तिला पोखरत होता, की ही उठली नाही तर मी भांडू कुणाशी? आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण दोघींचं पटत नाही हे अख्ख्या घराला पाठ होतं.

"उसवू या," ती म्हणाली.

"धागा तुटेल ना? आणि उद्यापर्यंत व्हायचा नाही परत."

"नाही व्हायचा."

"मग जाते तशीच," धाकटी म्हणाली. "तुम्ही माप तर घ्या."

थोरली टेप घेऊन समोर आली. धाकटीनं मान वर केली. व्रण बोटभर लांब होता, गुलाबी, एका टोकाला जरासा वाकडा. टेप लावायच्या आधी थोरलीनं अंगठा अलगद त्याच्याशेजारी टेकवला.

"दुखतं का गं अजून?"

"आत्ता विचारलंत," धाकटी म्हणाली. तिच्या हनुवटीवरून पाणी ओघळून थोरलीच्या बोटांवर आलं. थोरलीनं हात काढला नाही.