बाबा आणि पेटी, एकाच काट्यावर

आमच्या घरात वजनकाटा एकच आहे. सकाळी त्यावर बाबा उभे राहतात आणि संध्याकाळी आईची मधमाश्यांची पेटी. थंडी पडायच्या आत बाबांनी चार किलो कमी व्हायचं होतं आणि पेटीनं सहा किलो वाढायचं होतं. दोघांपैकी पेटी जास्त आज्ञाधारक निघेल अशी आम्हाला आशा होती.

आई नर्स आहे. पेशंटच्या पलंगाला लटकवतात तसला तक्ता तिनं फ्रिजला लटकवला. डावीकडे बाबा, उजवीकडे पेटी. "काय खाल्लं ते पेशंटला विचारायचं नसतं," ती म्हणते, "काट्याला विचारायचं."

बाबांचं प्रकरण साखरेचं होतं, डॉक्टरांनी बंद केलेली. पेटीचंही साखरेचंच, चालू करायची. पानगळ सुरू झाली होती, बागेतली फुलं उरकली होती आणि पेटी बावीस किलोंवर अडून बसली होती. अठ्ठावीस झाली नाही तर आतल्या माश्या थंडीतून जिवंत बाहेर येणार नव्हत्या. आईची ही पहिलीच पेटी. ड्युटीवरून आल्यावर ती आधी पेटीला भेटायची, मग आम्हाला. आम्ही समजून घेतलं होतं. आम्ही दोघं मध देत नाही.

तर माश्यांना पाक द्यायचा होता, दोन भाग साखर आणि एक भाग पाणी. फीडर निवडायचं काम माझ्याकडे आलं, कारण परीक्षा संपून घरात रिकामी मीच होते. दुकानात तीन प्रकार होते. एक पेटीच्या आत चौकटीसारखा लटकवायचा. त्यात तरंगती फळी टाकायला विसरलं तर माश्या बुडून मरतात. मलाही पोहता येत नाही, म्हणून तो बाद. दुसरा पेटीवर, झाकणाच्या आत बसवायचा. म्हणजे झाकण उघडून पन्नास हजार जणींच्या घरात न विचारता डोकावायचं. तोही बाद. तिसरा पेटीच्या दारात खोचायचा: एक उलटी बरणी, पाक किती उरला ते बाहेरूनच दिसणार, आतल्या मंडळींशी संबंध नाही. "हा सगळ्यात सोपा," दुकानदार म्हणाला. कोणासाठी, हे मी विचारायला हवं होतं.

बरणी रोज संध्याकाळपर्यंत चाटूनपुसून रिकामी होऊ लागली. मी स्वतःवर खूश होते. मग दोन आठवड्यांनी आईनं तक्ता खाली काढला. पेटी: बावीस, बावीस, साडेएकवीस. बाबा: दीड किलो वर.

तिनं तक्त्याकडे पाहिलं. मग बाबांच्या पोटाकडे.

"मी त्या बरणीला हातही लावलेला नाही," बाबा म्हणाले.

"मी काही म्हटलं का?"

"तुझे डोळे म्हणतायत."

"आठ किलो साखर गेली. पेटीत नाही गेली. घरात आणखी कोणाचं वजन वाढलंय का, एवढंच बघतेय."

"अगं, तिथं हजार माश्या बसलेल्या असतात. मी काय त्यांच्यात रांगेला उभा राहतो?"

"मग दीड किलो आले कुठून?"

"हवा बदलतेय," बाबा म्हणाले.

बाबा शिंपी आहेत. आयुष्यभर दुसऱ्यांची वाढलेली कंबर त्यांनी कपाळावर आठी न आणता वहीत लिहून घेतली, आणि आता स्वतःच्या घरात त्यांच्यावर हा आळ. त्यांनी आईशी बोलणं बंद केलं. एकाच सोफ्यावर बसून ते मला म्हणायचे, "तुझ्या आईला सांग, तिच्या पायाखाली माझी चप्पल आहे." आई म्हणायची, "तुझ्या बाबांना सांग, काटा खोटं बोलत नाही." चार दिवस मी निरोप्याची नोकरी केली. पाचव्या दिवशी ठरवलं, खरा चोर पकडायचा. पेटी वाचवण्यासाठी आणि माझ्या घशासाठीही.

दुपारी बाबांनी शिवलेला जाळीचा पोशाख घालून मी पेटीसमोर खुर्ची टाकली. पोशाखाला कॉलर आहे आणि आतून खिसा. बाबांना राहवत नाही. अर्ध्या तासात दोन गोष्टी दिसल्या. दारात माश्यांची जुंपली होती, अगदी लोळवालोळवी. आणि बरणीवर पोट भरून निघालेल्या माश्या आत जातच नव्हत्या. कुंपणावरून पलीकडे जात होत्या.

मी चहाची गाळणी आणून बरणीवरच्या माश्यांवर मैदा भुरभुरवला, घरातल्या दोन्ही पक्षांना हाका मारल्या आणि पांढऱ्या माश्यांच्या मागे निघाले.

पलीकडे दातवाले काका राहतात, म्हणजे दातांचे डॉक्टर. त्यांचीही एक पेटी आहे. मी पांढऱ्या केलेल्या माश्या तिच्या दारात एकामागून एक उतरत होत्या. काका दवाखान्याच्या पांढऱ्या कोटातच बाहेर आले.

"बघताय ना? या दिवसांत असा मध मी कधी पाहिला नव्हता. जातिवंत माश्या आहेत."

"त्या पांढऱ्या का आहेत, काका?" मी विचारलं.

काकांनी वाकून पाहिलं. मग स्वतःच्या कोटाकडे पाहिलं. त्यांना भरून आलं असावं.

"तो मैदा आमचा आहे," आई म्हणाली. "आणि पाकही."

सगळं ऐकून काका म्हणाले, "पाक बाहेर, दारात? या दिवसांत, फुलं संपल्यावर? अहो, म्हणजे फुकट जेवणाची पाटीच लावलीत की. निवडला कोणी हा फीडर?"

मी कॉलर ठीक केली.

"ऐकलंस?" बाबा आईला म्हणाले. चार दिवसांतलं पहिलं थेट वाक्य. "मी निर्दोष आहे."

"निर्दोषच," काका म्हणाले. "आणि साखर काही वाया नाही गेली. हे रोज फिरायला येतात तेव्हा टोस्टवर माझा मध चांगला चार चमचे घेतात."

मी मनात रस्ता जुळवला. आमचा साखरेचा डबा, माझी बरणी, काकांच्या माश्या, काकांचा टोस्ट, बाबा, काटा. आठ किलोंतला काही भाग थोडं फिरून का होईना घरीच आला होता.

"मला काय माहीत तो आपलाच आहे?" बाबा म्हणाले.

आई नर्स आहे. औषध तोंडावाटे दिलं काय किंवा शिरेतून, पोचतं पेशंटमध्येच हे तिला ठाऊक आहे. ती हसायला लागली, आणि हसता हसता खाली गवतावर बसली.

काकांनी त्यांच्याकडचा जास्तीचा फीडर दिला, तोच, झाकणाच्या आत बसणारा. संध्याकाळी माश्या घरात परतल्यावर आम्ही तो बसवला. आईनं धूर दिला. मी झाकण काढलं आणि पन्नास हजार जणींनी माझ्याकडे अजिबात लक्ष दिलं नाही. झाकणाखालच्या फळीला मधोमध भोक असतं, त्यावर फीडर बसवला, बुडू नयेत म्हणून लाकडाच्या पट्ट्या तरंगत सोडल्या, पाक ओतला. बाबांनी टेप काढून पेटीच्या दाराचं माप घेतलं आणि पट्टी ठोकून ते बोटभर ठेवलं. "एका वेळी एकच जाईल," ते म्हणाले, "आणि दारावर पहारा ठेवायला दोघी पुरतील." भोकातून एक माशी वर आली, काठावर थांबली आणि डॉक्टरांनी मनाई केल्यासारखी प्यायला लागली. बाबांनी मान दुसरीकडे वळवली.

पहिलं धुकं पडलं त्या आठवड्यात पेटी सव्वाअठ्ठावीस भरली. बाबा तीन किलोंनी उतरले होते. ते आता उलट्या दिशेला फिरायला जातात.

मी दोन्ही आकडे तक्त्यात लिहून ठेवले होते. ड्युटीवरून आल्यावर आईनं ते वाचले, बाहेर जायला काढलेली चप्पल परत ठेवली आणि सोफ्यावर बाबांच्या शेजारी जाऊन बसली. त्या दिवशी ती आधी बाबांना भेटली.

पेटीनं काही मनाला लावून घेतलं नाही. तिचं पोट भरलेलं होतं.