पंख्यावरचे आबा

यंदा अधिक महिना मे महिन्याच्या मध्यावर सुरू झाला. सुदुंबऱ्याच्या आमच्या वाडीतल्या मारुती मंदिरात रोज दुपारी चारला पोथी वाचायची ठरली आणि वाचणार अर्थातच त्र्यंबकआबा. आबा माझे चुलते, निवृत्त शिक्षक. त्यांच्याइतका खणखणीत आवाज वाडीत फक्त पिठाच्या गिरणीला आहे.

मंदिराच्या मंडपाला पत्रा आहे. उन्हाळ्यात त्याखाली पापड वाळत नाहीत, भाजतात. म्हणून आबांनी देवाला पंखा दिला. देवळाला दिलेल्या पंख्याच्या पात्यांवर देणाऱ्याचं नाव रंगवतात. मीच रंगवून आणला. एका पात्यावर ‘त्र्यंबक’, दुसऱ्यावर ‘महिपती’, तिसऱ्यावर ‘गाडे’. लाल ऑइलपेंट, अक्षर सुबक. फक्त एक गोष्ट आम्हा दोघांच्याही लक्षात आली नव्हती. पंखा फिरतो.

पहिल्या दिवशी बटण दाबलं आणि आबा नाहीसे झाले. वर नुसतं लालसर वर्तुळ. आबा थोडा वेळ त्या वर्तुळाकडे बघत राहिले, मग पोथीची पानं उडतात असं सांगून त्यांनी पंखा बंद केला. पानांवर ठेवायला मी दगड आणून दिला. दगड पोथीवर शोभत नाही म्हणाले.

हसू नका. आबांनी ज्या शाळेत चौतीस वर्षं शिकवलं, तिची नवी इमारत होत होती तेव्हा ते रोज सकाळी स्लॅबवर पाणी मारायला जायचे. उद्घाटनाला कोनशिला बसली, तिच्यावर सतरा नावं. मंडपवाल्याचंसुद्धा होतं. आबांचं नव्हतं. तेव्हापासून त्यांच्या घरात कळशीपासून कुकरच्या झाकणापर्यंत सगळ्यावर त्यांचं नाव घातलेलं आहे.

तर पंखा बंद आणि पोथी चालू. पोथीत नेमका मीपणा सोडण्याचा भाग. पहिल्या दिवशी चाळीस माणसं होती. आबा घाम पुसत मीपणाविषयी सांगत होते आणि समोरचे घाम पुसत पंख्याकडे बघत होते. तिसऱ्या दिवशी वीस. अधिकाचे अनारसे खायला आलेले जावई, ज्यांना सासरी दुसरं काहीच काम नसतं, तेही येईनासे झाले. आबांनी दोष मोबाइलला दिला.

बाराव्या दिवशी उरल्या बयाबाई. मीही होतो, पण मला आबा माणसांत धरत नाहीत. आमच्याकडे रिकाम्या मंडपात पोथी वाचत नाहीत. ऐकायला एक तरी माणूस लागतं, नाहीतर खंड पडला असं धरतात. म्हणजे आबांचा सगळा महिना त्या एका म्हातारीवर उभा होता.

बयाबाई आंदर मावळातल्या, इथे लेकीकडे राहायला आलेल्या. ऐंशीच्या पुढच्या. रोज आधी मारुतीला हात जोडायच्या, मग मान वर करून पंख्याला. मला वाटायचं, नव्या वस्तूचं अप्रूप असेल. त्या दिवशी अर्ध्या अध्यायात त्या भिंतीला टेकल्या. चेहरा लाल, ओठ कोरडे. मी त्यांना पाणी दिलं आणि पंख्याच्या बटणाकडे हात नेला, तर त्यांनीच मला अडवलं.

“नगं बाबा. वर देवाचं नाव लिवलंय. देवाला कुनी गरागरा फिरवतंय व्हय? म्हून तर गुरुजी बंद ठिवत्यात. मला वाचाया येत न्हाई, पर समजतंय समदं.”

आबांचं बोट पोथीतल्या ओळीवर तसंच राहिलं. बारा दिवस ही बाई त्यांच्या नावाला हात जोडत होती आणि त्याच नावापायी भाजत होती. आबा गप्प राहिले असते तर ती उद्याही आली असती. कोनशिलेवरच्या सतरांपैकी एकाच्याही वाट्याला असला नमस्कार आलेला नाही. आणि खरं सांगितलं तर ती उठून जाणार, मग उद्यापासून पोथी ऐकायला मी.

आबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“मावशी, ते देवाचं नाव नाही. माझं आहे.”

बयाबाईंनी पंख्याकडे पाहिलं. मग आबांकडे. मग पुन्हा पंख्याकडे, दोघांत काही सारखेपणा दिसतो का ते बघत असल्यासारखं.

“तुमचं? मंग फिरवा की. तुमाला काय चक्कर येती व्हय?”

आबा गुडघे धरत उठले, बटणापर्यंत गेले आणि त्यांनी रेग्युलेटर एकदम पाचवर नेला. त्र्यंबक गेले, महिपती गेले, गाडेही गेले. बयाबाईंनी तोंडावरचा पदर बाजूला केला आणि डोळे मिटले. पोथीची तीन पानं उडून मारुतीच्या पायाशी जाऊन पडली. मी ती गोळा केली आणि दगड आणला. या वेळी तो शोभला.

अध्याय संपत आला तेव्हा लाइट गेली. उन्हाळ्यात आमच्याकडे ती पोथीपेक्षा नियमाने जाते. पंखा मंद होत होत थांबला आणि एकेक पातं करून आबा परत आले. मी खालच्या आबांकडे बघितलं. आवाज जरा उतरला होता, गिरणी बंद करताना उतरतो तसा. पण मान काही वर गेली नाही. ते वाचत राहिले.

बयाबाईंनी सवयीने पंख्याला हात जोडले. अर्ध्यात त्यांना आठवलं. मग तेच हात खाली घेऊन त्यांनी पदराचं टोक धरलं आणि त्या आबांना वारा घालू लागल्या.