फुकट वाटलेला शेवट

मित्रांनो, मला पुस्तक म्हणू नका, मी तेवढी मोठी नाही. मी एक जुनी, दोन पिनांवर तगलेली पुस्तिका आहे. एका कादंबरीचं एकच प्रकरण माझ्या पोटात आहे आणि कपाळावर ठळक छापलं आहे, 'पहिलं प्रकरण फुकट वाचा.' शितावरून भाताची परीक्षा करतात ना, तशी माझ्यावरून कादंबरीची व्हावी म्हणून माझा जन्म झाला.

ती कादंबरी एका ताईंनी लिहिली होती, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, कुकरच्या शिट्ट्यांकडे एक कान ठेवून. त्यांच्या धाकट्या भावाचा छापखाना होता. पुस्तक छापून झालं, पण दुकानांतून हलेना. तेव्हा भावाने ही युक्ती काढली. शाई वाळते न वाळते तोच मला दुमडलं आणि टाचलं. मला वाटलं, आता आपण मिरवणार!

पण घाई नडली. पहिल्या आणि शेवटच्या प्रकरणांचे गठ्ठे शेजारीशेजारी होते आणि भावाने उचलला तो शेवटचा. ताईंनी मला उघडलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"अरे, हा तर शेवट आहे! आधी कळस, मग पाया? आता पुस्तक घेणार कोण?"

"चुकलं गं ताई. पण छापलेला कागद रद्दीत कसा घालू? वाटून तर बघू."

"वाट खुशाल. मी मात्र आता पेन हातात धरायची नाही."

दुसऱ्या कादंबरीचे अर्धे लिहिलेले कागद त्यांनी कपाटाच्या तळाशी ठेवून दिले. मला फार वाईट वाटलं. चूक माझी नव्हती, पण तोंड माझंच दिसलं ना!

माझी रवानगी दातांच्या दवाखान्यात झाली. तिथे माझे हाल कुत्रा खाईना. कुणी माझ्याने वारा घेतला, कुणी मला डगमगत्या टेबलाखाली सारलं. फुकट ते पौष्टिक म्हणतात, पण मला चाखून बघायलाही कुणी तयार नव्हतं.

एकदा सुजलेला गाल धरून एक बाई आल्या. ठणका विसरायला त्यांनी मला उचललं. माझ्यातल्या गोष्टीत दोन शेजारणींचा जुना अबोला आहे. त्यातली एक घर बंद करून निघते आणि किल्ली घेऊन दुसरीच्या दाराशी जाते.

"अहो, तुमचा नंबर आला!" कंपाउंडर ओरडला.

"थांबा हो, किल्ली देते का ते बघू दे!"

बाईंनी मला पर्समध्ये घालून घरी नेलं. "मिटलं ते कळलं," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "पण मुळात फाटलं कशावरून?" आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी पुस्तक विकत आणलं.

पुस्तक वाचून झालं. खालच्या मजल्यावर त्यांची धाकटी जाऊ राहत होती. दोघींमध्ये एक जिना होता आणि कित्येक वर्षांचा अबोला. बाई खाली गेल्या आणि त्यांनी मला जावेच्या दाराखालून आत सरकवलं. पुस्तक मात्र वरच ठेवलं.

दोन दिवस काहीच घडलं नाही. मग धाकटी मला हातात धरून जिना चढली.

"जाऊबाई, याच्या आधीचं... आहे का तुमच्याकडे?"

"आहे की. पण न्यायचं नाही हं, इथेच बसून वाचायचं."

पुढे एका दुपारी दोघी माझ्या पाठीवरचा पत्ता शोधत, मला घेऊन छापखान्यात आल्या. ताई तिथे उरलेल्या प्रतींचे गठ्ठे बांधत होत्या.

"हे तुम्हीच लिहिलंय ना? दुसरं कधी येतंय?" मोठीने विचारलं.

ताई सुतळीची गाठ मारत राहिल्या. "अर्धं कपाटात पडलंय," भावानेच सांगून टाकलं.

"मग पुरं करा की," धाकटी म्हणाली. "आम्ही दोघी वाट बघतोय."

ताईंनी सुतळी खाली ठेवली. भावाच्या खिशातलं पेन त्यांनी न विचारताच काढून घेतलं.

आता माझ्या पिना गंजल्या आहेत, कोपरे झिजले आहेत. मित्रांनो, कुणी फुकट चार पानं हातात ठेवली तर त्यांनी डास मारू नका. वाचा. आवडली तर उरलेलं शोधत जा. आणि वाचून झाली की ती एखाद्या दाराखालून सरकवा. कुणाच्या, ते तुम्हाला ठाऊक असेलच.